उस्मानचा पाय आनि आमचे खांदे

माजा जनम मुरुडच्या कोळीवाड्यातला, नवाबाच्या राज्यातला, उधानाची भरती आली की आमच्या ओट्याला पानी लागायचं इतका दर्या जवळ. नाव हिराजी, पन हिराजी म्हनून मला कोनी हाक मारीत न्हाय, हिरूच. बाप होडीवर, आजा होडीवर, मंग मी कुठं जानार, मीबी होडीवर. तुमी विचारताय फुटबॉलचं. सांगतो, पन मधेमधे दर्या येनार, त्याला माजा इलाज न्हाय.

तर उस्मान. उस्मान शेजारच्या मोहल्ल्यातला, माज्याच वयाचा. त्याचा बाप आगबोटीवर खलाशी, त्यानं कुठल्या बंदरातून एक चामड्याचा फुटबॉल आनला, गावात तेवढा एकच. ओहोटी लागली की वाळू घट्ट व्हायची आनि आमी कोळ्यांची नि मोहल्ल्यातली पोरं मिळून अनवानी खेळायचो. काय सांगू तुमाला, उस्मान बॉल पायाखाली थांबवायचा, मान वर करून बघायचा, एक श्वास घ्यायचा आनि मंग मारायचा, तो बॉल पार लांबच्या गड्याच्या पायात जायचा, हातानं नेऊन ठेवल्यासारखा. पन तो श्वास घेईपर्यंत त्याला कोनी धक्का देता कामा न्हाय. सगळं दुखनं तिथंच होतं बघा.

मुंबईच्या एका गिरणीतला पारशी मास्तर हवा खायला आमच्याकडं आला, त्यानं वाळूवर उस्मानला बघितलं नि उचललाच. त्याच्या गिरणीची टीम होती. पगार गिरणीचा आनि काम फुटबॉलचं, सकाळी खात्यात थोडी उचलठेव करायची आनि दुपारी मैदानात. उस्मान बोल्ला, मी एकटा येत न्हाय. मंग मास्तरनं आमी चौघं कोळी घेतले, मी, माजा चुलतभाऊ पांडू आनि वाड्यातले दोघं, कशाला, तर आमचे खांदे रुंद. फुटबॉल आमाला बेताचाच यायचा, खोटं कशाला बोलू. मास्तर बोल्ला, डिकरा, तुमी गोल करू नका, तुमी फक्त उस्मानच्या भोवती ऱ्हावा आनि त्याच्या अंगावर येईल त्याला अडवा. हात लावायचा न्हाय, खांदा लावायचा. तेव्हा खांद्याचा धक्का चालायचा, पंच काय बोलायचा न्हाय.

ऐकायला सोपं वाटतं ना? पहिल्या मोसमात आमी मार खाल्ला, नुस्ता मार. समोर गोऱ्यांच्या पलटनी, पायात बूट, एकेक गडी दारायेवढा. पहिला धक्का आमी झेलायचो, तिथं कमी पडलो न्हाय. पन उस्माननं बॉल मारायला पाय मागं नेला की आमच्या चौघांच्या माना एकदम वर, आता बॉल कुठं जातो बघायला. तेवढ्यात गोरा आमच्या बगलेतून आत आनि उस्मान चिखलात. दर वेळी हेच. मास्तर बाहेरून ओरडून घसा बसवायचा, बॉल बघू नका, मानूस बघा! आमाला कळायचं, पन मान ऐकायची न्हाय. आता बघा, होडीवर जाळं वर येऊ लागलं की सगळ्या होडीचे डोळे जाळ्यावर, काय घावलं ते बघायला, ही सवय ल्हानपनापासून हाडात मुरलेली. ती मैदानात कशी सुटनार?

मोसम संपता संपता एका पलटनीशी खेळताना उस्मानचा डावा गुडघा गेला. भोपळ्यायेवढा सुजला. डाक्तर बोल्ला, बरा होईल, पन परत असा मार बसला तर हा पाय जन्माचा लंगडा. मला तेव्हा लई भ्या वाटलं, माज्या सोताच्या पायाचं वाटलं नसतं तेवढं. शिमग्याच्या आधी त्याला घेऊन गावी आलो. त्याची अम्मी दारात उभी, मला वाटलं शिव्या घालील, तर न्हाय. तिनं तांदळाची भाकरी नि कालवन वाढलं, आमचं जेवन होऊ दिलं, आनि मंग बोल्ली, हिरू, तो बॉल खेळल्याबगर ऱ्हायचा न्हाय, मला ठावं हाय. पन जाताना दोन पायांनी जाईल तसा येताना दोन पायांनी आन. मी व्हय बोल्लो. बोल्लो खरा, पन आननार कसा, ते मला कुठं ठावं होतं?

पावसाच्या तोंडावर आमी होड्या वर काढतो, तुमी बघितलंच असंल. खाली ओंडके घालायचे, म्होरं दोर धरून मानसं ओढनार आनि दोन्ही अंगाला आमी खांदा लावून उभे, होडी कलंडू नये म्हनून. होडी सरकते तसं आमी तिच्यासंगं सरकायचं, खांदा सोडायचा न्हाय. आनि बाजूवाल्यानं दोराकडं बघायचं न्हाय, होडी कुठवर गेली ते बघायचं न्हाय, नाकाम्होरची फळी तेवढी बघायची. मान वळली की खांदा सुटतो आनि होडी कोनाच्या तरी पायावर बसते, हे आमच्यात दूध पिनाऱ्या पोरालाबी ठावं. आमचा म्हातारा तांडेल, होडीचा म्होरक्या, त्या साली होडी वर काढतानाबी ओरडत होता, फळी बघा रे, फळी बघा!

उस्मान गुडघ्याला फडकं बांधून वाळूत बसलेला, तो एकदम हसायला लागला. हसतोय, हसतोय, थांबेना. मी बोल्लो, उन्हानं डोकं फिरलं काय रं तुजं? तो बोल्ला, हिरू, अरे मीच होडी हाय! मला होडी समजा ना, बॉल म्हंजे दोर, तो गेला उडत!

दुसऱ्या दिवसापासून ओहोटीला आमी वाळूवर. उस्मान मधे, आमी चौघं चार अंगाला, आनि वाड्यातली मानसं गोरे होऊन धडका मारायला. अंगावर येनाऱ्याच्या छातीकडं बघायचं, तो सरकंल तसं सरकायचं, बॉल गेला तरी सोडायचं न्हाय. पांडूची मान वळली की तांडेल त्याला वाळूचा गोळा हानायचा. बाया मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन हसत जायच्या, बोलायच्या, बघा, होडी न्हाय, दोर न्हाय आनि हे खांदा लावून चाललेत!

मंग मुंबईला पावसात त्याच पलटनीशी मॅच. मास्तरनं उस्मानला इचारलं, बसतो का बाहेर? तो न्हाय बोल्ला. माज्या वाट्याला एक तांबड्या केसांचा गोरा, गेल्या साली त्यानंच गुडघा फोडलेला. सारखा येत होता, आनि मी सारखा म्होरं. त्याच्या सदऱ्याला छातीवर एक टाका उसवलेला होता, मी तेवढाच बघत होतो. चिखलात पाय सरकत होते, खांदा बधिर झालेला, गोल कोनाचाच न्हाय. शेवटा शेवटाला उस्माननं बॉल थांबवला. मला दिसलं न्हाय, पन कळलं, पाठीमागं त्यानं श्वास घेतला तो ऐकला. गोरा पळत आला आनि सगळ्या अंगानं माज्यावर पडला. मी सरकलो, पडलो न्हाय. मागं थाप वाजली, अनवानी पायाची ओल्या बॉलवर वाजते तशी, आनि मंग मैदान असं ओरडलं की गोरा सोताच थांबला.

मंग मी मान वळवली. गोलाकडं न्हाय, उस्मानकडं. उभा होता. दोन्ही पायांवर उभा होता, आनि मी तिथंच चिखलात बसून रडलो, मला लाज न्हाय सांगायला.

तो गोल लई भारी झाला म्हनतात. पांडूनंबी बघितला न्हाय, आमच्या चौघांतल्या कोनीच न्हाय. लोक इचारतात, हिरू, सांग ना कसा झाला, मी म्हनतो, मला काय इचारता, मी तिथं नव्हतो, मी फळी बघत होतो.

आता आमी दोघंबी गावात. टीम कधीच मोडली, मास्तर गेला, उस्मानची अम्मी गेली, पन जायच्या आधी माज्या डोक्यावर हात ठेवून गेली. माजा उजवा खांदा भरतीच्या वाऱ्याला दुखतो, दुखू दे. सकाळी मी ओट्यावर जाळं शिवत बसतो आनि तो वाळूवरून येतो, मला चाय प्यायला बोलवायला. मी मान वर करीत न्हाय. पावलं नुस्ती ऐकतो, एक डावं, एक उजवं, दोन्ही सारखी. देव त्याला असाच चालता ठेवो.