महिना बदलण्याचा दिवस

(दुपार. शाळेची पिवळी व्हॅन. आत दोघी जावा. सगळ्या गाड्या निवाऱ्याकडे येत आहेत, ही एकटी उलट समुद्राकडे निघाली आहे.)

धाकटी : पट्टा लावा आधी. मग भांडू.

थोरली : भांडतंय कोण? मी एवढंच विचारलं, की सासूला बरोबर घ्यायचं तुझ्या लक्षात कसं राहिलं नाही?

धाकटी : मी का घेऊ? आई तुमच्याकडे होत्या.

थोरली : माझ्याकडे कालपर्यंत. आज एक तारीख. आजपासून तुझा महिना.

धाकटी : वहिनी, सकाळपासून रेडिओ ओरडतोय. वादळाचा लाल इशारा, किनाऱ्यावरची घरं रिकामी करा, शाळेत जा. अशा दिवशी तुम्ही त्यांना घराबाहेर काढाल, असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

थोरली : काढलं काय म्हणतेस? नेहमीसारखं पाठवलं. आणि मगाशी शाळेच्या दारात तू दिसलीस, तेव्हा मी तुझ्या मागे बघत होते, आई कुठे दिसतात का.

धाकटी : मी तुमच्या मागे बघत होते.

थोरली : हळू चालव गं. झाडं कशी वाकलीत बघ.

धाकटी : हळू गेलो तर खाडीवरचा रस्ता बुडेल. भरती चढतेय. शेवटचं कुठे पाहिलंत त्यांना?

थोरली : बसथांब्यावर. दहाच्या बसला बसवायला गेले होते.

धाकटी : बसवलंत?

थोरली : गेले होते ना.

धाकटी : बसमध्ये चढवलंत का, तेवढंच सांगा.

थोरली : बस यायची होती. इकडे आमच्या छपराचे पत्रे वाजायला लागलेले, ह्यांना पहाटेच बंदरावर पंप चालवायला नेलं, घरात मी एकटी. कुठे कुठे पुरी पडू? आईच म्हणाल्या, तू जा, मी बसेन. बोट धरून चढवायला त्या काय लहान आहेत?

धाकटी : ऐंशी पार केलीय त्यांनी.

थोरली : वय मला माहीत आहे. औषधं मी देते.

धाकटी : एक महिनाआड.

थोरली : बोल. बोलून घे. गाडी तुझी आहे.

धाकटी : फोन लावा त्यांना परत.

थोरली : तीनदा लावला. बंद आहे. चार्जर माझ्याच भिंतीला राहिलाय. कुलूप लावताना दिसला, म्हटलं, देऊ नंतर.

धाकटी : माझा फोन घ्या. त्यात 'बसवाले दादा' असेल, लावा आणि माझ्या कानाला धरा. हां दादा, मी बोलतेय, पिवळी व्हॅन. सकाळची दहाची, समुद्राकडची, कुठपर्यंत गेली होती?... बरं... नक्की ना?... नाही, काही नाही. घरीच बसा तुम्ही. काढा फोन.

थोरली : काय म्हणाला?

धाकटी : दहाची सुटलीच नाही. आठनंतर एकही बस डेपोबाहेर पडली नाही.

थोरली : म्हणजे सकाळपासून आई थांब्यावर...

धाकटी : जप नंतर करा वहिनी, आधी रस्त्याकडे बघा. काच पुसा.

थोरली : ओठ जप करतायत, डोळे रस्त्यावरच आहेत. पुढे पोलीस आहे. आडवा हात केलाय त्याने.

धाकटी : तुम्ही बोला. तुम्हाला जमतं.

थोरली : साहेब, सासू मागे राहिलीय आमची... हो, चुकून... तिला वाटलं माझ्याकडे, मला वाटलं हिच्याकडे... नाही हो, सासू एकच आहे, सुना दोघी... पाणी रस्त्यावर चढलं की फिरतो आम्ही... येतो म्हटलं ना, तुम्ही बाजूला व्हा, भिजताय उगाच. चल गं.

धाकटी : शेवटी काय म्हणत होता?

थोरली : अर्ध्या तासात दोर बांधून रस्ता बंद करणार. मग कोणालाच सोडणार नाही, इकडून तिकडे ना तिकडून इकडे. आणि म्हणाला, दोन दोन सुना असून.

धाकटी : असून काय?

थोरली : पुढचं ऐकलं नाही. काच वर केली मी.

धाकटी : हा आला फाटा. डावीकडे तुमची गल्ली, उजवीकडे आमची वसाहत. दोन्हीकडे जायला वेळ नाही.

थोरली : डावीकडे घे. विचार कसला करतेस? बस आली नाही म्हटल्यावर त्या परत माझ्याकडे आल्या असणार. पडवीत बसल्या असतील.

धाकटी : नाही आल्या.

थोरली : तुला काय दिसतंय इथून?

धाकटी : दिसत नाही, माहीत आहे. महिना संपल्यावर आई तुमच्या उंबऱ्याच्या आत जाणार नाहीत.

थोरली : काहीतरीच. माझं घर काय परक्याचं आहे?

धाकटी : गेल्या हिवाळ्यात त्यांची शाल तुमच्याकडे राहिली होती. मी गाडीतून घेऊन आले होते त्यांना. त्या आत गेल्या, मी मागोमाग दारापर्यंत आले. तुम्ही म्हणालात, 'आता काय राहिलं? तुमचा महिना झाला ना?' तशाच फिरल्या. मला म्हणाल्या, शाल सापडत नाही.

थोरली : शाल खुंटीलाच होती.

धाकटी : हो. मला दिसत होती.

थोरली : मी ते हसत म्हटलं होतं गं.

धाकटी : मीसुद्धा हसले होते, मनातल्या मनात. म्हटलं, बरं झालं, वहिनी कशा आहेत ते त्यांना कळलं. दुसरी शाल घेऊन दिली आणि चांगली ठरले.

थोरली : मग आता माझंही ऐक. काल रात्री आईंनी तुला फोन केला, माझ्यासमोरच. वारा फार आहे, येऊ का उद्या, की चार दिवसांनी येऊ? काय सांगितलंस तू?

धाकटी : म्हटलं, वहिनींना विचारा.

थोरली : त्यांनी फोन ठेवला आणि मला विचारलं. मी म्हटलं, धाकटीला विचारा.

धाकटी : म्हणजे दोघींनी नाही म्हटलं.

थोरली : नाही कोण म्हणालं? हो म्हटलं नाही, इतकंच.

धाकटी : त्या माझ्या घराकडे निघाल्यात वहिनी. चालत. उजवीकडे वळवतेय मी.

थोरली : चुकलं तर?

धाकटी : चुकलं तर तुम्ही आयुष्यभर मला सुनवा. मी ऐकून घेईन.

थोरली : वळव.

धाकटी : डावी बाजू तुम्ही बघा, उजवी मी. हळू नेते.

थोरली : ऐन पानगळीत एवढी थंडी कधी बघितली नव्हती. काचेतून गारठा येतोय. अंगावर नुसता सुती स्वेटर आहे त्यांच्या. लोकरीचा पिशवीत तळाशी भरला मी, तिकडे लागेल म्हणून. तिकडे म्हणजे तुझ्याकडे. ते काय आहे? थांब.

धाकटी : पाट्या पडल्यात. पुढे बघा.

थोरली : ह्या वाऱ्यात पुढे येणं शक्य नाही. माणूस उभं राहत नाही इथे.

धाकटी : शक्य आहे की नाही ते नका सांगू. बघा फक्त.

थोरली : पेट्रोल पंप बंद दिसतोय. हवा भरायची खोली आहे ना ती, तिच्या मागे काहीतरी निळं...

धाकटी : कुठे?

थोरली : पिशवी आहे. आपली पिशवी आहे ती. थांबव. अगं थांबव म्हणते ना, मी उतरतेय.

धाकटी : दार धरून उतरा, वारा दार उपटून नेईल. आई! आई, उठू नका, तिथेच बसा, आम्ही येतो.

सासू : ओरडू नका गं. ऐकू येतंय मला.

थोरली : धर त्या बाजूने. पाऊल टाका आई. वर. हां, बसा.

सासू : दार ओढून घे. ह्या गाडीत पोरं बसतात, सीट ओली होईल.

धाकटी : होऊ दे. वहिनी, हीटर त्यांच्या पायाकडे वळवा. मी गाडी फिरवते.

थोरली : पाय द्या इकडे, माझ्या मांडीवर. अहो, किती गार पडलेत हे.

सासू : माझेच आहेत का बघ. मला तर कळत नाहीत.

थोरली : माझे मोजे घाला. ऊब आहे त्यांच्यात. हात काखेत घाला, असे.

धाकटी : इतक्या लांब कशा आलात?

सासू : वळणापर्यंत वारा पाठीशी होता. त्यानंच आणलं, मी काही फार चालले नाही. वळणापुढं तो तोंडावर आला. मग म्हटलं, जरा टेकू.

धाकटी : सकाळीच परत वहिनींकडे का नाही गेलात?

सासू : एक तारीख होती ना.

थोरली : आई.

सासू : तसं नाही गं. तू काही बोलशील म्हणून नाही. ठरलेलं आहे आपलं, ते मोडलं की कुणाची तरी पंचाईत होते.

धाकटी : माझ्या दाराला कुलूप होतं, आई. पोचला असतात तरी.

सासू : पायरीवर बसले असते. घर आहे म्हटल्यावर तू येणारच की.

थोरली : पाणी आलं. अगं, रस्ता कुठे आहे?

धाकटी : रस्ता तिथेच आहे, वर पाणी आहे. दोघी गप्प बसा आता. वहिनी, डावीकडचे खांब दिसतात ना? आला की आला म्हणा, मी त्या अंदाजाने नेते.

थोरली : आला. थोडी आत घे. आला. हा वाकलाय, पण आहे. आला.

धाकटी : बंद पडू नकोस बाई. आत्ता नको.

थोरली : दिसत नाही. धाकटे, दिसत नाही मला.

सासू : तो काय पुढं. त्याला लाल पट्टा आहे.

थोरली : हो, आला. आला. आणि तो पोलीस बघ, कंदील हलवतोय. चढ लागला गं. पाणी खाली राहिलं.

धाकटी : जरा थांबते.

थोरली : थांब. त्याला दोर बांधू दे. आई, थंडी कमी वाटते का?

सासू : वाटते. आता मला कुणाकडं सोडताय?

थोरली : कोणाकडेच नाही. शाळेत जायचंय. सगळे तिथेच आहेत.

सासू : तुम्ही दोघीही?

धाकटी : दोघीही. काम आटोपलं की तुमचे दोन्ही मुलगेही येतील. आपल्याला एक वर्ग दिलाय, तिथेच सगळ्यांच्या गाद्या घातल्यात.

सासू : एकाच खोलीत सगळे? मग किती दिवस राहता येईल तिथं?