अमेरिकेच्या अध्यक्षाचं पान

अगं, सर्वपित्रीला आमच्याकडे काय झालं ते ऐक. अंबरनाथच्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीत सासूबाईंनी कावळ्यांसाठी पानं वाढली. आजेसासऱ्यांचं, आजेसासूबाईंचं आणि वर एक जास्तीचं.

सासऱ्यांनी विचारलं, "हे कोणाचं?"

"अमेरिकेच्या त्या जुन्या अध्यक्षाचं. माझ्या लहानपणी दुष्काळात त्यानेच गहू पाठवला होता. तो खाऊन जगलो आम्ही."

माझ्या हातातला तांब्याच पडला!

सासरे भडकले. "डोकं फिरलंय का तुझं? त्याच माणसाने व्हिएतनामवर बॉम्ब टाकले. पोरंबाळं मारली!"

"माहितीये मला. म्हणून तर त्याला खीर नाही वाढली."

खरंच, त्या पानावर नुसती पोळी-भाजी होती. मला हसू आवरेना, पण सासरे त्या पानापाशी खाली बसले. त्यांची सगळी नोकरी इथल्याच दारूगोळ्याच्या कारखान्यात गेली ना! त्या पानाकडे बघत हळूच म्हणाले, "मी तरी जन्मभर काय बनवलं गं? माझ्या पानावर वाढशील ना खीर?"

आणि आमच्या सासूबाई, ज्यांचं उत्तर कायम तोंडावर तयार असतं, त्या चक्क विचार करायला लागल्या!