काठोकाठ भरलेले कॅन

—नाही नाही, झाकणाला हात लावू नका मेहुणे! बाटलीभर द्यायला माझी ना नाही, पण हवा शिरते ना आत. हवा शिरली की संपलं — पेट्रोल शिळं, कार्बोरेटरमध्ये चिकट राळ, मशीन नुसतं खोकत बसणार. म्हणून कॅन कसा हवा? काठोकाठ. फुगायला बोटभर जागा सोडायची, पण बोटभरच. आणि ठेवायचा गारव्यात, अंधारात. आमच्याकडे गारवा कुठे? झोपायच्या खोलीत. पलंगाखाली मावले तेवढे सारले, उरलेले तुमच्या बहिणीच्या कपाटात — कपडे काय, कुठेही राहतात, कपडे शिळे होतात का? वास येतो म्हणाली. येणारच, ताजं आहे ना!

गवत? दिसतंय हो मला, खिडकीपर्यंत आलंय. तुम्हालाही दार शोधावंच लागलं असेल. पण कापायचं मशीन चालवायचं तर कॅन उघडा, उघडला की तो अर्धा रिकामा, अर्ध्यात हवा — मग इतकं जपून ठेवलं कशाला? तिला हेच समजावत होतो, तर म्हणाली, तुम्ही मलाही असंच ठेवलंय. असंच म्हणजे कसं? तर म्हणे, झाकण लावून. आता माणसाला कुठे झाकण असतं का, तुम्हीच सांगा. मी आपला हसलो. तिने बॅग भरायला घेतली आणि तुम्हाला फोन लावला.

आणि तुम्ही तरी — बहिणीला न्यायला आलात आणि स्कूटर फाटकातच बंद! टाकी कोरडी ठेवून निघतं का कोणी? काय करतेय ती? मागच्या सीटवरच बसलीय? उतरली नाही? बॅग मांडीवर घेऊन? ऊन लागत असेल हो तिला, त्या बाजूला सावली नाही.

छे, हवेचं सोडा. हवेला कोण विचारतंय? सगळे कॅन उघडतो, गवत कापतो, पार फाटकापर्यंत कापतो — तिला म्हणावं, आत्ता कापतो. पण तुमच्या टाकीत ओतलं तर स्कूटर चालू होईल ना मेहुणे! पहिल्याच किकला होईल, इतकं ताजं आहे. आणि मग ती जाईल.

असे बघू नका माझ्याकडे. जा, सांगा तिला — भावोजींकडे पेट्रोल नाही म्हणावं. थेंबभरही नाही.