कचरागाडीची चाल

नाही नाही, यज्ञेश्वरजी, ती सोडून कोणतीही चाल मागा. तुमच्या देवास गेटच्या सेव भांडारासाठी नवीकोरी करून देतो — सात सेकंदांची, ऐकली की माणसाला भूक लागेल — पण कचरागाडीची नाही. हो हो, मला माहीत आहे, सगळ्या माधव नगरला पाठ आहे ती, म्हणूनच तर तुम्ही आलात. परवा राम घाटावर एक गुरुजी संकल्प सांगता सांगता मधेच तीच गुणगुणायला लागले, यजमान बिचारा हातात पाणी घेऊन बसलेला. पण मी काय म्हणतो, शेव-फरसाणाच्या दुकानाला कचऱ्याची चाल कशाला? गिऱ्हाईक बाल्टी घेऊन येईल ना. बसा. वायरीवर पाय नका देऊ फक्त. चहा सांगितलाय.

हे बघा, इकडे स्क्रीनवर. ह्या हिरव्या पट्ट्या दिसतात ना — एक पट्टी म्हणजे एक सूर. वर असली तर चढा, खाली असली तर उतरता, लांब असली तर लांबवलेला. बस, एवढंच आहे. लोकांना वाटतं आल्हाद काय जादू करतो — कसली जादू, पट्ट्या सरकवतो दिवसभर. कोचिंग क्लासची केली, चष्म्याच्या दुकानाची केली. आणि ही बारीक बारीक घरं आहेत ना, ही मात्रांची. सूर जरा मागेपुढे पडला की एक बटण दाबायचं, सगळे आपापल्या घरात जाऊन उभे, शाळेतल्या प्रार्थनेसारखे. फार कामाचं बटण. फार वाईट पण.

का म्हणजे? असंच म्हटलं. — बरं, ऐका, तुम्ही घरचेच आहात. ती गाडीची चाल माझी नाहीच आहे. सुलूची आहे, आमच्या सौभाग्यवतींची. नाही हो, ती कुठली संगीत शिकलेली, ती आपली गुणगुणायची — मेथी निवडताना, कपडे घड्या करताना. कुठल्या गाण्याची नाही. मी एकदा विचारलं होतं, ही कोणती गं, तर म्हणे अशीच. आठ सूर. खूष असली की यायची, आपोआप, आणि रुसली असली की नाही. मला घरात शिरल्या शिरल्या कळायचं आज हवा कशी आहे ते. तर झालं काय, एका दुपारी माझा माइक चालू राहिला आणि ती आली त्यात. त्याच दिवशी गाडीवाला ठेकेदार डोक्यावर बसलेला — आल्हाद भैया, शाम तक दे दो, कुछ ऐसा दो कि आदमी बाल्टी लेके दौड़े. मला काही सुचेना. मग ते आठ सूर उचलले, तिचा आवाज काढून टाकला, बासरी लावली, चाल दुप्पट पळवली. आणि तिचा तो तिसरा सूर होता ना, तो जरा उशिरा यायचा — म्हणजे दुसऱ्यावर ती रेंगाळायची, श्वास घ्यायची बहुतेक, आणि मग यायचा. मला ते खटकलं. बटण दाबलं. कंप्यूटरने विचारलं, जुनी फाइल पुसू का? पुस म्हटलं. वाचलंसुद्धा नाही मी.

आठवड्याने गाडी आली आमच्या गल्लीत. सुलू फाटकाशी, एका हातात ओला कचरा, एका हातात सुका. ती तशीच उभी राहिली, गाडी पुढे निघून गेली. आत येऊन म्हणाली, अहो, ही माझी आहे ना? आणि मी काय म्हटलं असेल? मी हसलो. म्हटलं, तुझी कुठे, मी बनवली. — हो, असं म्हटलं. आता लाज वाटते, तेव्हा नाही वाटली.

नाही हो, भांडण कसलं. बोलते, सगळं बोलते, कालच भोपळा कोवळा आणला नाही म्हणून अर्धा तास बोलली. फक्त गुणगुणत नाही. आठ महिने. मी एकदा सरळ विचारलं, ती मूळची एकदा म्हणून दाखव ना. म्हणे, आठवत नाही. मग मी इथे बसून तो तिसरा सूर मागे ओढतो — जरासा, अजून जरासा, हे बघा, एक्केचाळीस फाइली आहेत — एकही तिची नाही वाटत. नेमकी किती थांबायची ती? तेवीस वर्षं ऐकलं हो मी, आणि सांगता येत नाही. शेवटी मसाल्याच्या डब्यामागे फोन ठेवायला लागलो, रेकॉर्डिंग चालू करून, रोज सकाळी. म्हटलं कधीतरी चुकून — असं नका बघू माझ्याकडे. चोरी तर चोरी. एकदा सापडली की जशीच्या तशी ठेवीन, कोणाला देणार नाही, बटणाला हात लावणार नाही.

थांबा. एक मिनिट, बोलू नका. — स्वयंपाकघरातून. ऐकू येतंय ना तुम्हालाही? सुलूच आहे. आठ महिन्यांनी, यज्ञेश्वरजी. खुर्ची वाजवू नका. पहिला — दुसरा — आता बघा, आता थांबेल ती —

नाही थांबली.

परत एकदा म्हणेल, थांबा. — नाही. तिसरा बरोब्बर घरात पडला. ही गाडीवरची आहे. वेगसुद्धा तोच. रोज सकाळी ऐकून ऐकून तिला आता हीच येते. खूष आहे हो ती, कळतंय ना, आणि मी बनवलेली म्हणतेय. आता आत जाऊन काय सांगू तिला — की सुलू, तू चुकतेस?

तुम्हाला हवी होती ना? न्या ती चाल, सोमवारी पाठवतो. नाही, आत्ता नका थांबू, चहाचं राहू दे. दार हळू लावा, ती अजून म्हणतेय.