किती तास खेळलात?

...नाही, पण मला सांगा, एखादा माणूस एकच खेळ चौदाशे तास खेळतो, चौदाशे, रोजचे आठ धरले तरी सहा महिने झाले, तेवढ्यात माणसाचं घर बांधून होतं, आणि चौदाशे तासांनंतर तो खाली आपलं मत काय लिहितो, तर ‘घेऊ नका, कंटाळवाणा आहे.’ आता तुम्हाला सांगतो, मी सत्तावीस वर्षं काउंटीची, म्हणजे आमच्या जिल्ह्याची, रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी चालवली, कंटाळा म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये, पण कंटाळवाणं आहे हे कळायला चौदाशे तास? आणि हा गृहस्थ, नाव काय तर ‘खुनी बटाटा’, हा उलट मलाच विचारतो, “आजोबा, बोलताय खरं, पण तुम्ही किती तास खेळलात?”

तिथे सगळे हेच विचारतात. तिथे म्हणजे त्या मतांच्या पानावर. प्रत्येक मताशेजारी आकडा छापलेला असतो, या माणसाने हा खेळ किती तास खेळलाय. वय नाही, शिक्षण नाही, लष्करात होतात की तुरुंगात होतात, काही नाही. तास. माझ्या नावापुढे तेव्हा होतं शून्य दशांश चार. म्हणजे चोवीस मिनिटं, आणि त्यातली वीस मी खेळातल्या माणसाचं नाक निवडण्यात घालवली होती.

खेळाचं नाव ‘राखबंदर’. कॉम्प्युटरवरचा. जग बुडालेलं आहे, आमच्याच सुपीरियर सरोवराच्या काठचं, ड्युलथ शहराचा पूल वाकून पाण्यात पडलाय, दोन डोक्यांची मूस हरणं हिंडताहेत, आणि तुम्ही फाटका कोट घालून वाट्टेल तिकडे भटकायचं. कुणी अडवत नाही. फक्त एका गावाला फाटक आहे, फाटकाशी हिल्मा नावाची म्हातारी उभी असते, आणि तिचं बोलणं पुरं झाल्याशिवाय फाटक उघडत नाही. सात वाक्यं. जाताना सात, येताना तीच सात. “बाळा, मफलर कुठाय तुझा? जेवलास का? त्या पुलावरून जाऊ नकोस हं, बर्फाखाली काय आहे ते दिसत नाही...”

हिल्माचा आवाज माझ्या बायकोचा आहे. अर्लिसचा.

पाच वर्षांपूर्वी ही कंपनीची मंडळी आमच्या चर्चच्या तळघरात आली होती, आमच्याकडची बोली हवी म्हणून, तो आमचा लांब ओढलेला ‘ओ’ त्यांना फार आवडला. अर्लिस तीस वर्षं वायरलेसवर बसलेली, आम्हा गाड्यावाल्यांना वाट सांगायला, तिने एका दुपारी सातही वाक्यं म्हणून टाकली आणि घरी येऊन स्वयंपाकाला लागली. मलाही घेतलं होतं. मला एक ओरडा दिला. जखमी राक्षसाचा. आणि तुम्हाला सांगतो, त्या ओरड्याबद्दल आजपर्यंत एकही तक्रार नाही. दोघांना खेळाची एकेक प्रत फुकट मिळाली, ती आम्ही ठेवून दिली आणि विसरलो.

मग दोन वर्षांपूर्वी अर्लिसच्या घशाचं ऑपरेशन झालं. कर्करोग होता. स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दिलं होतं डॉक्टरांनी, तिने एकदाच लावलं, स्वतःला ऐकलं आणि ते चमच्यांच्या कप्प्यात टाकून दिलं. आता छोटा पांढरा फळा गळ्यात. ‘दूध.’ ‘डॉक्टर, तीन वाजता.’ आणि मी तळघरात असलो तर वरून तीनदा पाय आपटते, म्हणजे वर ये.

आवाज कुठे राहिलाय म्हणून मी घर पालथं घातलं. जुन्या टेपा तळघरात पाणी शिरलं तेव्हा गेल्या. जे चित्रण सापडलं त्यात मीच बडबडतोय, कारण कॅमेरा तिच्या हातात, आणि कॅमेरा हातात असला की ती गप्प. तेव्हा राहिली ती हिल्मा. सात वाक्यं.

आणि तेवढ्यात कंपनीने जाहीर केलं की वसंतात सुधारलेला खेळ येणार, काय ठेवायचं काय काढायचं ते खेळणाऱ्यांनी एक मार्चच्या आत सांगावं. आणि सगळी जत्रा हिल्माच्या मागे लागली. “जग बुडालंय, मागून अस्वल येतंय आणि ही बया मफलर विचारते!” तीनशे तास. “माझी खरी आजी एवढं बोलत नाही.” सातशे नव्वद. “मी तिला रोज एकदा गोळी घालतो, मग बरं वाटतं.” एकशे दहा.

म्हणून मी लिहिलं. बाकी सगळे बटाटे न् देवमासे, मी मात्र पूर्ण नाव घातलं, वेंडेल निएमी, आणि लिहिलं की या बाईचं बोलणं चांगलं आहे, ते राहू द्यावं, तुम्हाला संस्कार नाहीत. एका तासात चाळीस उत्तरं. चाळीसही जणांचा प्रश्न एकच. किती तास?

बरं. मग खेळलो. बाहत्तराव्या वर्षी. कीबोर्डवर पुढे जायचं बटण एक, वाकायचं दुसरं, आणि मला दोन्ही एकदम दाबल्याशिवाय चैन नाही, त्यामुळे माझा माणूस पहिला आठवडा रांगत होता. दिसेल ते उचललं, कॉफीचे कप, गंजके स्क्रू, एक अख्खा पंखा, आणि ओझं इतकं झालं की त्याला पाऊलही टाकवेना. कुत्र्यांनी खाल्लं. सरोवरात बुडालो. ज्या राक्षसाला जखमी केलं तो माझ्याच आवाजात ओरडला, मी दचकून कड्यावरून पडलो. पण सोळाव्या तासाला फाटकाशी पोचलो.

आणि ती म्हणाली, “बाळा, मफलर कुठाय तुझा?”

मी काय करणार हो. मी तिथेच उभा राहिलो. आत गेलोच नाही. वाक्यं संपली की दोन पावलं मागे यायचं, पुन्हा पुढे जायचं, की पुन्हा पहिल्यापासून. रोज दुपारी जेवण झालं की मी तळघरात, कानाला हेडफोन, फाटकाशी. अर्लिस वर तिच्या शिवणाच्या खोलीत, कॉम्प्युटरवर गोधडीचे नमुने बघत असायची. मला वाटायचं, बरं आहे, तिचंही मन रमतंय.

तास वाढले. पन्नास. शंभर. आता लोक जरा आदराने शिव्या द्यायला लागले. पण एक होता, ‘गोठलेला मासा’ म्हणून, तो काही हटेना. सहाशे बारा तास. त्याचं मत सगळ्यांत वर, त्याला अकराशे लोकांनी पसंतीचा अंगठा दाखवलेला. ‘खेळ चांगला आहे, जरूर घ्या. फक्त हिल्माला काढा. तीच ती सात वाक्यं बोलणारी बाई कुणाच्या दारात नको.’

मी त्याला सोडला नाही. मी सकाळी एक लिहायचो, तो जेवायच्या आधी उलटं काहीतरी लिहायचा. मी म्हटलं, तुला मोठ्यांची किंमत नाही. तो म्हणतो, “मोठी माणसं ठरलेलं बोलत नाहीत, अचानक बोलतात, म्हणून तर त्यांचा राग येतो.” मी म्हटलं, तू अर्धवट आहेस. तो म्हणतो, “आणि तू अर्धवट वाचतोस, दुसरी ओळ पुन्हा वाच.” काय तिखट माणूस. आणि तुम्हाला सांगतो, मला मजा यायला लागली होती. दोन वर्षं घरात कुणाशी भांडण नाही, काही नाही, हो का, नको का, संपलं. सकाळी डोळे उघडले की पहिलं मनात यायचं, मासा काय म्हणाला असेल.

एकदा त्याने विचारलं, “किती तास झाले तुझे?” मी छाती काढून लिहिलं, दोनशे बारा. तर म्हणतो, “दोनशे बारा तासांत तुझ्या नावावर एकही कामगिरी नाही. एक मूससुद्धा मारलेला नाहीस. करतोस काय तिथे?”

मग मी खरं लिहिलं. का लिहिलं कुणास ठाऊक, अनोळखी माणसाला सांगता येतं. लिहिलं की मी फाटकाशी उभा राहून तिला ऐकतो. ती माझी बायको आहे. हिवाळी वादळात पुढच्या काचेपलीकडे काही दिसायचं नाही तेव्हा तिने मला वायरलेसवरून वाट सांगितली आहे, मी तिचं तोंड पाहायच्या आधी आवाजाच्या प्रेमात पडलो. आता एवढाच उरलाय, तो तरी काढू नका.

मासा चार दिवस गप्प. घरात अर्लिसनेही त्या दिवसांत फळ्यावर जवळपास काही लिहिलं नाही, पण मी कुठला लक्ष द्यायला, माझा जीव तिकडे टांगलेला. पाचव्या दिवशी दुपारी मी हॉटडिश, म्हणजे आमच्याकडचं खिमा-बटाट्याचं जेवण, ओव्हनमध्ये ठेवलं आणि खाली गेलो, तर उत्तर आलेलं.

“मेली का ती?”

मी लिहिलं, नाही. वरच्या मजल्यावर आहे.

“मग तू खाली काय करतोयस?”

आता बघा, याला माणुसकी म्हणायची? मी पेटलो. एका बोटाने टाइप करतो मी, पण त्या दिवशी दोन बोटांनी केलं. तुला काय कळणार, तुझ्या घरात सगळे बोलत असतील, ज्याच्या घरातला आवाज जातो त्याला विचार, सहाशे तास खेळत बसलेला रिकामटेकडा तू... असं सगळं लिहून धाडलं. हेडफोन कानाला, हिल्मा जेवलास का विचारतेय. आणि खाली नवीन ओळ आली.

“वेंडेल, वर ये. तीनदा पाय आपटून झाला. तुझं हॉटडिश जळतंय.”

मी हेडफोन काढले. धुराचा वास येत होता.

तुम्हाला हसू येईल, त्या ओळीला दोन हजार लोकांनी अंगठा दाखवला. पण मी खुर्चीत बसून रडलो. कारण दोन वर्षांत मला माझ्या नावाने हाक अशी कुणी मारलीच नव्हती.

वर गेलो. बटाट्याचे गोळे कोळसा झालेले, खिडक्या उघड्या, बाहेरची थंडी आत, आणि ही ओव्हनचे हातमोजे घालून उभी. मी म्हटलं, “मासा तू?” तिने मान डोलावली. मी म्हटलं, “सहाशे तास?” तर तिने फळ्यावर लिहून दुरुस्त केलं. सहाशे चाळीस.

मग ती लिहायला बसली. फळा पुरेना, म्हणून किराण्याची कागदी पिशवी फाडली, दोन्ही बाजूंनी लिहिली. की दोन वर्षं तू मला फक्त हो-नाहीचे प्रश्न विचारतोस. मी म्हटलं, तुला त्रास नको म्हणून. ती लिहिते, मला त्रास हवा होता. की वायरलेसवर मी एका वादळात एक वाक्य दोनदा बोलले नाही, आणि तू रोज खाली जाऊन त्या पोपटाला माझं नाव देतोस. मी वर जिवंत बसलेय आणि माझ्या नवऱ्याशी बोलायला मला मासा व्हावं लागतं.

मी म्हटलं, “पण अर्लिस, मी मग ऐकू काय?”

तिने एकच शब्द लिहिला. ‘वाच.’

मी खाली गेलो आणि माशाच्या मताला अंगठा दाखवला.

मार्चमध्ये हिल्माला काढलं. आता फाटक आपोआप उघडतं. आणि गंमत पाहा, एप्रिलमध्ये हीच सगळी मंडळी ओरडायला लागली. “फाटकाशी फार सुनं वाटतं.” “म्हातारी परत आणा.” आणि तो खुनी बटाटा, आता साडेपंधराशे तास, तो लिहितो, “काल आत शिरलो, कुणी मफलरचं विचारलं नाही. तसाच परत फिरलो. घेऊ नका.”

मी ते छापून घेतलं. अर्लिससमोर टेबलावर आपटलं. आता आम्ही दोघं स्वयंपाकघरातच बसतो, समोरासमोर, दोन कॉम्प्युटर, आणि दिवसभर एकमेकांना लिहितो. मी म्हटलं, “हे बघ. मी काय म्हणत होतो? सगळ्या जगाला तिची आठवण येतेय.”

तिने चष्मा लावून सावकाश वाचलं, आणि लिहिलं, “रोज ऐकू आली असती तर आठवण आली असती का?”

एक्केचाळीस वर्षं झाली लग्नाला, एक वाद जिंकलेला नाही. मला आपलं वाटलं होतं, आवाज गेल्यावर तरी एखादा माझ्या वाट्याला येईल.