नव्या संगणकाच्या तथाकथित चोरीबाबत टायपिंगबाईंचा जबाब

मी, गल्लीत टायपिंगबाई म्हणून ओळखली जाणारी, वय ७४ वर्षे, धंदा टंकलेखन (मुलं ‘निवृत्त’ लिहायला सांगतील, लिहू नये), राहणार पोस्टाच्या मागची इमारत, पहिला मजला, पोलीस ठाण्यात आपणहून येऊन जबाब देते की, कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला, ज्याला सगळे पक्कड म्हणतात, त्याला माझ्या घरातून संगणक चोरल्याच्या संशयावरून सकाळपासून इथल्या बाकावर बसवून ठेवलं आहे. त्याने काहीही चोरलेलं नाही. संगणक मी त्याला दिला. त्याला सोडावं, एवढ्यासाठी मी आले आहे. बाकीचं साहेब ‘सविस्तर सांगा’ म्हणाले म्हणून सांगते.

मला दोन मुलं. थोरला मुलगा परगावी मोठ्या नोकरीवर असतो. धाकटी मुलगी याच शहरात राहते, पण कामात इतकी असते की तीही परगावीच आहे असं धरून चालायला हरकत नाही. यजमान हयात नाहीत. असते तर प्रकरण इथवर आलं नसतं, त्यांनी घरीच आरडाओरडा करून मिटवलं असतं.

मी अर्धं आयुष्य टायपिंगचा क्लास चालवला. आता घरी बसून लोकांचे अर्ज, प्रबंध, सोसायटीच्या नोटिसा टाइप करून देते. सध्या एका हौशी नाटकमंडळीचं नाटक हातात आहे. माझा जुना संगणक चालू व्हायला इतका वेळ घ्यायचा की तोवर माझा चहा उकळून, पिऊन, कप विसळून व्हायचा. माझी काही तक्रार नव्हती. चहा मला लागतोच.

तक्रार मुलांची होती. ‘आई, किती दिवस ते खोकं वापरणार?’ असं थोरला म्हणाला. मग दोघा भावंडांनी फोनवर ओळीने काही रविवार चर्चा केली. त्या चर्चेत मला धरलं होतं, म्हणजे मी ऐकत होते. थोरल्याचं म्हणणं, मशीन असं दणकट घ्यायचं की पुढची पंधरा वर्षं बघायला नको. मी त्याला माझं वय सांगितलं. तो म्हणाला, ‘तू मध्ये बोलू नकोस गं.’ धाकटीचं म्हणणं, पांढरं घ्या, पडद्यांना शोभेल.

नंतर धाकटी मला दुकानात घेऊन गेली. थोरला तिच्या फोनमधून हजर होता. विक्रेत्या मुलीने मला विचारलं, ‘काकू, तुम्ही कॉम्प्युटरवर काय काय करता?’ मी तोंड उघडायच्या आत फोनमधून उत्तर आलं, ‘काही नाही हो, फोटो बघते.’ त्यानंतर त्या मुलीने मला काही विचारलं नाही, सगळं फोनला विचारलं. मी एकदाच म्हटलं, ‘कीबोर्ड कसला आहे तेवढं बघू दे.’ त्यावर दोघं हसली. ‘अगं, कीबोर्ड येतो सोबत!’ धाकटी म्हणाली. जेवण कसलं आहे विचारावं आणि ताटली येते सोबत असं कुणी म्हणावं, तसं झालं.

हा जबाब उतरवून घेणारे हवालदार दोन बोटांनी टाइप करतात. ‘संगणक’ हा शब्द पुन्हा आला तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू तो मी मुद्दाम घातला होता. माझ्याने ते बघवेना. साहेबांच्या परवानगीने इथून पुढचा मजकूर मी स्वतः टाइप करत आहे. ठाण्याचा कीबोर्ड जुना, जड, खडखडणारा आणि टाइपरायटरच्या पद्धतीचा आहे. तो माझ्या मुलांनी निवडलेला नाही हे उघड आहे.

नवीन मशीन घरी आलं. पांढरं होतं, पडद्यांना शोभलं. पण त्याची बटणं चपटी, आवाज नाही, आणि अक्षरं माझ्या पद्धतीने उमटेनात. थोरला म्हणाला, ‘आई, इंग्रजीत लिहायचं, त्याचं मराठी आपोआप होतं.’ माझी दहा बोटं न बघता मराठी लिहितात. त्यांना या वयात इंग्रजी माध्यमात घालायची माझी तयारी नव्हती. जुना संगणक कुठे आहे विचारलं, तर धाकटीने तो परस्पर पक्कडला भंगारात द्यायला सांगितला होता. त्यातच नाटक होतं. दुसऱ्या अंकात नायिका दार उघडायला उठते, तिथवर टाइप झालं होतं. मंडळींचा दिग्दर्शक रोज फोन करून विचारायचा, ‘बाई, दार उघडलं का?’ मी म्हणायची, ‘नाही हो, अजून उभीच आहे.’

नव्या मशीनला वर एक डोळा आहे. थोरल्याने तो परगावी बसून चालू ठेवला होता. ‘तू कधी पडलीस-बिडलीस तर मला कळेल.’ चांगला विचार आहे. फक्त मी पडायची ती न्हाणीघरात पडेन, संगणकाच्या टेबलावर चढून पडण्याची शक्यता कमी. कधीकधी मशीनमधून त्याचा आवाज यायचा, ‘आई, दिवा लाव, नीट दिसत नाहीस.’ एकदा पडद्यावरचा बाण आपोआप फिरायला लागला, तेव्हा मी देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले. तो साफसफाई करत होता म्हणे. मग मी डोळ्यावर रुमाल टाकला. लगेच फोन आला. तो महिन्यातला पहिला फोन होता म्हणून मी धावत घेतला. तो म्हणाला, ‘कॅमेऱ्यावर काहीतरी पडलंय, काढ.’ मी काढलं.

मी पक्कडच्या दुकानात गेले. त्याने माझा जुना संगणक भंगारात दिलेला नव्हता, फळीवर पुसून ठेवला होता. ‘बाई, तुम्ही स्वतः सांगितल्याशिवाय मी कसा देणार?’ असं तो म्हणाला. मला रडू आलं, ते मी धुळीवर ढकललं. मी त्याला म्हटलं, ‘माझा मला आणून दे आणि पांढरा घेऊन जा, तुझ्या मुलीला कॉलेजात लागतोय ना?’ तो नको नको म्हणत होता. मी दामटलं. त्याबद्दल मी आज त्याची बाकावर जाऊन माफी मागितली आहे.

आज सकाळी तो आला. जुना जोडून दिला, चालू करून पाहिला, नाटक आहे याची खात्री केली. मग पांढऱ्याच्या वायरी काढायला मागे वाकला. त्या वेळी त्याचं नाक त्या डोळ्यासमोर आलं असावं, कारण थोरल्याने आपल्या फिर्यादीत चोराचं नाक विस्ताराने वर्णिलं आहे. मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते. पक्कडने मशीन खाली गाडीत ठेवून मग चहा घ्यायचा असं ठरलं होतं. तो जिन्यात असतानाच पोलीस आले. एवढे चटकन येतात हे मला माहीत नव्हतं, त्याबद्दल ठाण्याचं कौतुक आहे.

हवालदार वर आले आणि मला बघून दचकले. ‘आजी, तुम्ही घरात आहात?’ मी म्हटलं, ‘माझंच घर आहे, दुसरीकडे कुठे असू?’ ते म्हणाले, ‘नाही, फिर्यादींनी तसं काही सांगितलं नाही.’ मी विचारलं, काय सांगितलं? कंपनी सांगितली, मॉडेल सांगितलं, मशीनमागचा नंबर सांगितला, पडदा किती इंच ते सांगितलं. बिल आपल्या नावावर आहे, हेही सांगितलं. मला दिलेली भेट त्याच्या नावावर आहे हे मला तेव्हा कळलं. मी समजावून सांगितलं, पण फिर्याद माझी नाही आणि मशीनही माझं नाही, म्हणून पक्कडला इथे आणलं. मी मागोमाग आले.

माझा फोन त्या वेळी ओट्यावर माझ्या हाताशी होता. तो वाजला नाही. ठाण्याचा वाजला. माझ्या घरात चोर शिरलाय असं माझ्या मुलाला वाटलं, आणि त्याने मशीनचा नंबर पाठ सांगितला. मला वाईट वाटलं. हवालदार म्हणतात, हे जबाबात येत नाही. मी टाइप करते आहे, त्यामुळे येतं.

आत्ता हे लिहीत असताना साहेबांनी थोरल्याला फोन लावून दिला. त्याने आधी विचारलं, ‘मशीन सापडलं का?’ साहेब म्हणाले, ‘सापडलं. तुमच्या आईसाहेबही इथेच आहेत.’ तो म्हणाला, ‘ती तिथे कशाला?’ मग मी बोलले. मला का नाही कळवलंस, असं विचारलं. तो म्हणाला, ‘तू घाबरशील म्हणून.’ चोर घरात आहे ही बातमी चोराकडूनच कळली की घाबरायला होत नाही, असा त्याचा हिशेब असावा. मी पक्कडचं सगळं सांगितलं. ‘बरं, घेतो फिर्याद मागे,’ तो म्हणाला. पक्कड मोकळा झाला. पांढरं मशीन मुलीसाठी ने, असं मी पुन्हा म्हटलं तर त्याने मला कोपरापासून हात जोडले.

ते मशीन आता ठाण्यात जमा आहे. साहेबांनी मुलाला सांगितलं की ज्याच्या नावावर बिल आहे त्याने स्वतः येऊन सही करून न्यावं, दुसऱ्या कुणाला मिळणार नाही. थोरला म्हणाला, ‘येतो, पुढच्या आठवड्यात रजा टाकतो.’ माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला त्याला रजा मिळाली नव्हती. मशीन नीट सांभाळावं, ही ठाण्याला विनंती. लवकर द्यायची घाई करू नये.

माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. मुलाच्या फिर्यादीत एवढी एकच दुरुस्ती करावी की, सदर घटनेच्या वेळी त्याची आई घरात होती.

हा जबाब मी स्वतः टाइप केला आणि मीच हवालदारांना वाचून दाखवला. त्यांनी शुद्धलेखनाची एकही चूक काढली नाही. ऐकून झाल्यावर त्यांनी फक्त, ‘आजी, सकाळपासून काही खाल्लंत का?’ एवढं विचारलं. नाही, असं मी सांगितलं. ते खरं व बरोबर आहे.