पॅराशूटची दोरी

'लोकांच्या बोलण्यात कान घालू नको,' ही सासूबाईंची ताकीद दिव्यानीनं कधीच उडवून लावली होती. धानोऱ्याच्या बसमध्ये मांडीवरचं लेकरू झोपलं, तशी पुढच्या सीटवरची म्हातारा-म्हातारी तिला ऐकू येऊ लागली.

"मधाच्या झाडावर चढाची पॅराशूटची दोरी धुतली का वं?"

"सोडा टाकून उकळली जी. मंग टिनावर उन्हात वाळवली."

"नायलॉन हाये ते! भाजी समजली काऊन? ठेवली कुठी?"

"मोहफुलाच्या टोपल्यात."

"अन् उंदरं?"

"दोनच जागी कुरतडली. मी गाठी मारल्या नं."

"मी नाई चढत त्याच्यावर. मराचं हाये का मले?"

"नका चढू. सुनेनं नातवाचा पाळणा टांगला त्याच्यानं."

"बरं केलं. वाया नाई गेली."

दिव्यानी तोंड उघडेपर्यंत दोघं उतरूनही गेली. गावाचं नाव विचारायचं राहिलंच. धानोऱ्याकडे कुणाच्या घरी पाळणा दिसला, तर आधी बाळाला उचलून घ्या आणि दोरी तेवढी ओढून पाहा.